वाफा जसाच्या तसा

वॉटी गेडिसला एकच पिवळं पडलेलं पान काढायचं होतं. चहा पिऊन झाला होता, समुद्राकडून आलेलं धुकं चर्चच्या भिंतीवर अजून ओलं बसलेलं होतं, आणि मागच्या दारातून बाहेर पडताना त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. तो वाकला, गुडघ्यांनी नेहमीची कुरकुर केली, त्यानं दोन बोटांत पान धरून हलकेच ओढलं आणि पानामागून अख्खा गड्डा हातात आला. ओढ लागली नाही, मूळ तुटल्याचा आवाज झाला नाही, मातीनं धरून ठेवल्यासारखंही काही केलं नाही. डोक्यावरची टोपी उचलावी तसा तो उचलला गेला. वर पानं हिरवी, त्यांच्या मध्ये शेवटची दोन फुलं, गुलाबाच्या कळीसारखी पाकळ्यांनी गच्च भरलेली, जांभळट, कडेला पांढुरकी. आणि खाली काही नाही. मुळांच्या जागी कुरतडलेलं, तपकिरी, ओलं काहीतरी. मातीत राहिलेल्या खळग्यात हुमणीसारख्या बारक्या पांढऱ्या अळ्या अंग वाकडं करून पडल्या होत्या, तांबड्या डोक्यांच्या, खाऊन सुस्तावलेल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारच्या गड्ड्याला हात लावला. तोही आला. त्याच्या शेजारचाही. वाफ्यात लावलेलं सगळंच नुसतं मातीवर ठेवल्यासारखं होतं, आणि कधीपासून ते कोणास ठाऊक. काल त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं तेव्हा सगळं ठीक होतं. परवाही ठीक होतं. तीन वर्षं तो रोज त्या खिडकीतून बघत होता आणि रोज सगळं ठीक होतं.

"अहो गेडिस, खजिना सापडला का काय?" वरच्या मजल्यावरून मिसेस पेट्रीचा आवाज आला. ही बाई सकाळी खिडकीत कोपरं टेकते ती दुपारच्या जेवणापर्यंत. वॉटीनं वर न बघताच मान हलवली. "नाही म्हणजे, गुडघे टेकून बसलात म्हणून विचारलं. चर्चमध्ये तर कधी टेकत नाही." एरवी त्यानं काहीतरी उलट सुनावलं असतं. आज त्यानं विचारलं, "तुम्हाला एल्सपेथनं यातलं एक दिलं होतं. ते आहे का अजून?" "ते होय? ते केव्हाच गेलं. कुंडीत लावलं, कुंडी खिडकीत ठेवली, खिडकीत ऊन. एल्सपेथला मी सांगितलंही नाही हो. विचारायची तेव्हा म्हणायची, छान आहे, छान आहे." आणि मग जरा खालच्या आवाजात, "का? काय झालं?" "काही नाही," वॉटी म्हणाला. पाद्रीबाबांना दिलं होतं तेही गेलेलं होतं. ते बदलून गेले आणि चर्चच्या मागे आता मोटारी उभ्या करायला फरसबंदी झाली होती. लीथच्या त्या दोघी बहिणींना दिलं होतं, त्या दोघीही गेल्या. त्याची बायको एल्सपेथ आयुष्यभर वाटत सुटली होती आणि घेणारी माणसं तिच्याच वयाची होती, हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं.

हे प्रिमरोजचं फूल तिच्या मावशीकडून आलेलं. पर्थच्याही वर कुठल्याशा खेड्यात त्या मावशीच्या घरामागे, उत्तरेच्या भिंतीला लागून ते वाढत असे, आणि त्या वाणाला नाव नव्हतं. फुलांच्या प्रदर्शनातला एकजण एकदा येऊन बघून गेला, चष्मा काढून, चष्मा घालून, आणि म्हणाला की हा वाण त्याला ठाऊक नाही. एल्सपेथला त्याचा आनंद झाला का दुःख ते वॉटीला कळलं नव्हतं. साधा प्रिमरोज कुठंही उगवतो, ओढ्याकाठी, कुंपणाखाली, बी टाकतो आणि पसरतो. हा दुहेरी पाकळ्यांचा बी धरत नाही. बी धरायला फुलात जे लागतं त्याच्याही पाकळ्याच होऊन बसतात, इतकं सौंदर्य त्याला परवडत नाही, असं एल्सपेथ म्हणायची. तो टिकतो तो माणसाच्या हातानं. फुलं संपली की गड्डा उपटायचा, फोडायचा, एकाचे चार करायचे आणि नव्या जागी लावायचे, पुन्हा त्या मातीत नाही. आणि निम्मे देऊन टाकायचे. आपल्याकडचा मेला तर दुसऱ्याकडचा असतो, म्हणून. घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. रोपट्याबद्दल आभार मानले तर ते धरत नाही अशी त्यांच्याकडे समजूत. त्यामुळे जून महिन्यात वॉटीच्या दारात ही माणसं येत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी घेत आणि तोंडातून शब्द न काढता चालू लागत. वॉटीला ते फार उद्धट वाटे.

तो पिपं बनवणारा होता. दारूच्या कारखान्यात सबंध उमेदीची वर्षं त्यानं ओकचं लाकूड फाडलं, तासलं, जाळावर वाकवलं, लोखंडी कडी ठोकून बसवली; आणि कारखान्यात धातूची पिपं आली तेव्हा त्याला आणि त्याच्या पटाशीला एकाच दिवशी घरी पाठवण्यात आलं. अशा माणसाला एका रोपट्याचे तुकडे होताना बघवत नाहीत, याची एल्सपेथला गंमत वाटे. जूनमधली एखादी भुरभुर पावसाची सकाळ धरून ती मागे बसायची. वॉटीनंच करून दिलेल्या अर्ध्या पिपात पाणी भरायची. गड्डा उपटायची, आपटून माती झाडायची, पाण्यात बुडवून खळबळायची, आणि मग दोन्ही अंगठे मधोमध घालून तो दुभागायची. कर्र असा आवाज व्हायचा. वॉटी खिडकीतून बाजूला व्हायचा. "अरे ये की बाहेर!" ती ओरडायची. "ओक फाडताना हात कापत नाही तुझा, आणि या भाजीच्या जुडीला घाबरतोस?" तो म्हणायचा, "ते लाकूड मेलेलं असतं." "आणि हे जिवंत आहे म्हणूनच फोडतेय ना, येड्या. मेलेलं कशाला फोडू?" तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, केस ओले, चेहऱ्यावर एक प्रकारची क्रूर खुशी. जुनं, निबर झालेलं खोड ती मोडून खुशाल कुंपणाकडे फेकून द्यायची. पानं अर्ध्यात कापायची. वाफा तेवढ्या सकाळपुरता रणांगण दिसायचा. आणि पुढच्या एप्रिलमध्ये, जिथं वर्षभर ऊन फिरकत नाही अशा त्या भिंतीखाली, अंधारात कुणी दिवे लावून ठेवावेत तशी ती फुलं उघडायची.

ती फेब्रुवारीत गेली. त्या वर्षी प्रिमरोज पूर्वी कधी फुलले नव्हते असे फुलले. पानांना जागा नव्हती, इतकी फुलं. वॉटी एप्रिलभर तिथं उभा राहिला आणि त्याला वाटलं, हे बरोबर आहे. हे असंच राहिलं पाहिजे. घरात त्यानं काही हलवलं नव्हतं. तिचा कोट खुंटीला होता, तिच्या बागेतल्या बुटांवरचा चिखल वाळून पडला होता आणि तोसुद्धा त्यानं झाडला नव्हता. लोक त्याला म्हणत, थोडं आवरून टाक. तो हो म्हणे. आवरायला हात लावला की काहीतरी संपेल, आणि हात लावला नाही तोवर ते संपलेलं नाही, एवढं साधं गणित त्याच्या डोक्यात होतं, आणि ते चूक आहे असं त्याला कुणी पटवून देऊ शकलं नसतं. वाफ्यातलं गवत तो काढी, पाणी घाली, गोगलगाई वेचून भिंतीपलीकडे टाकी. फक्त तिनं लावलेलं जसंच्या तसं ठेवी. दुसऱ्या वर्षी फुलं कमी आली, तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. त्यानं ते हवेवर ढकललं. या वर्षी आणखी कमी, लहान, आणि गड्डे मातीतून वर आलेले, म्हाताऱ्याच्या गळ्यासारखे. त्याला दिसत होतं. न दिसायला तो आंधळा नव्हता. पण दिसणं आणि हात लावणं यांच्यामध्ये खिडकीची काच होती आणि ती त्याला बरी वाटत होती.

तिथंच, त्या पहिल्या जूनमध्ये, मॉर्वेनशी त्याचं वाजलं. मॉर्वेन त्यांची एकुलती एक. कॉलिन्टनला, नदीकाठाला राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा जहाजावर, असून नसल्यासारखा. ती न सांगता आली होती, हातात काटेफावडं आणि बगलेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. वॉटी दुकानातून परतला तेव्हा ती अर्ध्या पिपात पाणी भरत होती. "काय चाललंय?" "जून आहे, बाबा. फोडायला नकोत? मी माझ्याकडेही जागा करून ठेवलीय, हेझलच्या झाडाखाली. चार न्यायचे म्हणते." ती सहज बोलत होती, आईसारखी, बाह्या वर करून, आणि तेच त्याला सहन झालं नाही. मागून बघताना क्षणभर त्याला वाटलं होतं, एल्सपेथ आहे. "हात लावू नकोस," तो म्हणाला. "तिनं लावलंय तसं राहू दे." "अहो, पण ते तसं राहत नसतं! गेल्या वर्षी ती आजारी होती, तेव्हाच फोडायचे राहून गेलेत. मधूनच सडतील ते." "हात लावू नकोस म्हणतो ना!" आणि मग तो जे बोलला ते त्याला आजही शब्द न् शब्द आठवत होतं. "आई गेली तेवढ्यानं भागलं नाही का तुझं? आता तिचे तुकडे वाटून घ्यायला आलीस?" मॉर्वेनचा चेहरा पांढरा झाला. तिनं पीप आडवं केलं, पाणी फरशीवरून गटाराकडे गेलं. काटेफावडं उचललं आणि ती गेली. तेव्हापासून ती रविवारी संध्याकाळी फोन करते. तब्येत विचारते. तो तिला हवा सांगतो.

आता तो मातीत बसला होता आणि त्याच्यासमोर सगळे गड्डे उताणे पडले होते. त्यानं एकेक उलटून बघितला, कारखान्यात लाकूड निवडताना बघायचा तसा, हातानं. बाकीचे सगळे पोकळ होते. एकाच्या कडेला तीन फुटवे एकमेकांना चिकटून होते आणि त्यांच्याखाली दोन पांढरी मुळं लोंबत होती, दोऱ्याएवढी. त्यानं तो तुकडा तळहातावर घेतला. हे एवढंच. त्या खेड्यातल्या मावशीपासून, तिच्याही आधीच्या कुणापासून हातोहात आलेलं, जगात दुसरीकडे कुठंही नसलेलं, ते एवढं उरलं होतं, आणि ते त्याच्या हातात होतं, आणि पुढं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. कसं फोडायचं, कुठून धरायचं, काय फेकायचं, मूळ किती खोल घालायचं. इतकी वर्षं ती तिथं बसून करत होती आणि तो खिडकीतून बाजूला होत होता.

तिनं सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. ते आठवू नये म्हणून तो उठला, घरात गेला, वर्तमानपत्र ओलं केलं, तो तुकडा त्यात गुंडाळला, कोट घातला आणि बस पकडली. पण बसमध्ये बसल्यावर आठवायला सवडच सवड होती. नोव्हेंबर. तिची खाट पुढच्या खोलीत आणलेली. श्वास घेताना तिच्या छातीत सुकी पानं तुडवल्यासारखा आवाज होई. "वॉटी, ऐक रे. जूनमध्ये तुला—" "जूनमध्ये तू आहेसच की." "हो, पण ऐकून ठेव. गड्डा उपटलास की आधी—" "एल्सपेथ, उगाच दम घालवू नकोस. सूप गरम करू का?" ती त्याच्याकडे बघत राहिली होती. रागानं नाही. असल्या माणसाशी संसार केला, आता त्याचं काय होणार, असं काहीसं. पुन्हा एकदा, ख्रिसमसच्या सुमारास, तिनं तेच काढलं, आणि तो खोलीतून उठून गेला. ऐकलं असतं तर ती जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यानं कबूल केलं नाही. ती गेली तरी त्यानं केलं नाही. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि तिला सांगायचं होतं ते कुठं गेलं असेल याचा विचार त्यानं आजपर्यंत केला नव्हता.

"छान ताजं दिसतंय हो," बसमध्ये शेजारी बसलेली बाई म्हणाली. वर्तमानपत्रातून पानं बाहेर आली होती. "कुठल्या बाजारातून? आमच्याकडे लेटसला हात लाववत नाही, इतकं महाग केलंय." वॉटीनं पुडकं कोटाच्या आत घेतलं. "खायचं नाही ते," तो म्हणाला. ती बाई जरा सरकून बसली.

मॉर्वेननं दार उघडलं. बाह्या वर केलेल्या होत्या. रविवार नव्हता, आणि बाप दारात उभा होता. "काय झालं? पडलात का कुठं?" त्यानं पुडकं पुढं केलं. ती उघडून बघेपर्यंत तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघावं तसा. तिनं बोटानं मुळं उलटून बघितली. "बाकीचे?" "एवढंच आहे." "अळी लागली?" "हो." "बाबा," ती म्हणाली, आणि तिनं पुडकं पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "चला मागं."

मागे नदीचा आवाज होता आणि हेझलच्या झाडाखाली दुपारीही संध्याकाळ होती. तिथं दगड लावून आखलेली एक जागा होती. तीन वर्षांपूर्वी तिनं केलेली. त्यात दुसरं काही लावलेलं नव्हतं. हेझलची पानं पडून कुजून माती काळी, भुसभुशीत झाली होती. वॉटीनं त्या जागेकडे बघितलं आणि त्याला तिथं उभं राहवेना. मॉर्वेननं बादलीत पाणी आणलं, तुकडा पाण्यात खळबळला. "हे फोडायला लागणार. या मधल्याला कूज लागलीय, राहिला तर बाकीचे दोन्ही घेऊन जाईल." तिनं अंगठे लावले. "थांब," वॉटी म्हणाला. तिचे खांदे ताठ झाले. तिला वाटलं, पुन्हा तेच. "थांब. मी करतो. कुठं धरायचं सांग." तिनं त्याचे अंगठे धरून जागेवर ठेवले. त्याच्या बोटांवर पटाशीचे जुने वण होते. "आता बाहेरच्या बाजूला. जोर लावा. आणखी." कर्र झालं. अगदी बारीक आवाज. काचेच्या आड राहून ज्या आवाजाला तो आयुष्यभर घाबरला होता तो एवढासाच होता, शेंग सोलल्यासारखा. "एवढंच?" तो म्हणाला. "एवढंच, बाबा."

मधला फेकून दिला. एकाला मूळ होतं, एकाला नव्हतं. दोन्ही तिनं लावून घेतले, त्याला पानं अर्ध्यात कापायला लावली, माती दाबायला लावली. त्याला जमत होतं. जमण्यासारखंच होतं ते, आधीही जमलं असतं, आणि तेच फार वाईट होतं. "हे तुला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं, माती दाबता दाबता. "आईनं." "तू तर कधी बागेत नसायचीस." "फोनवर. त्या हिवाळ्यात. तुम्ही दुकानात गेलात की ती मला फोन करायची. श्वास लागायचा तिला, तरी." मॉर्वेन बादलीतलं पाणी हळूहळू झाडाच्या बुंध्याशी ओतत होती. "म्हणाली, तुझा बाप ऐकून घेत नाही. म्हणाली, मी गेल्यावर तो तुला हात लावू देणार नाही, तर भांडू नकोस, थांब जरा. मी भांडले. मीही कुठं तिचं ऐकलं?" वॉटीनं रोपाभोवतीची माती पुन्हा दाबली. "धरेल का?" एवढंच तो म्हणाला. "सांगता येत नाही. आठवडाभरात कळेल. धरलं तर एक तुम्ही न्या, कुंडीत, नव्या मातीत." "नको," तो म्हणाला. "माझ्याकडे नको. इथंच राहू दे." ती त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा त्यानं हात धुण्याचं निमित्त केलं.

त्यानंतर पाऊस होता, चांगला, बारीक, या फुलांना हवा तसा. वॉटीनं वाफा खणला, अळ्या वेचून उकळत्या पाण्यात टाकल्या, आणि वाफा मोकळा ठेवला. मिसेस पेट्रीनं वरून विचारलं, आता काय लावणार? तो म्हणाला, बघू. घरात तो फोनच्या आसपास राहत होता. फोन वाजत नव्हता, आणि न वाजणं चांगलं, असं तो स्वतःला समजावत होता. रविवार आला तेव्हा मॉर्वेन म्हणाली, एकाची पानं लोळलीत, दुसरं उभं आहे. त्यानं तिला हवा सांगितली नाही. रात्री ऊबदार तर नाही ना, गोगलगाई, सावली, असलं काहीबाही विचारत राहिला, आणि ती सांगत राहिली, आणि ठेवताना दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

बुधवारी दुपारी फोन वाजला. वॉटी जेवणाची बशी विसळत होता. बुधवारी त्याला कुणी फोन करत नसे. तो पॅसेजमध्ये आला आणि फोनकडे बघत उभा राहिला. उचलला नाही तर ते रोपटं अजून उभं आहे. वाजून वाजून थांबेल, मग ती रविवारी करेल, तोवर ते उभं आहे. त्याच्या हातावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. असंच तो त्या खोलीतून उठून गेला होता, सूप गरम करायला, आणि ते सूप कुणी प्यालं नव्हतं. फोन वाजत होता. त्यानं तो उचलला.

"बाबा." मॉर्वेन होती. "बाबा, गेलं. दुसरंही. सकाळी बघितलं तर—" आणि मग ती रडायला लागली, मोठ्यांदा, लहानपणी रडायची तशी. आईच्या दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. सगळ्यांना चहा देत फिरत होती. वॉटी कानाला फोन लावून उभा राहिला. संपलं होतं. जगात ते आता कुठंच नव्हतं, आणि ते त्याच्या हातून गेलं होतं, आणि त्यावर घालायला त्याच्याजवळ कसलंच पांघरूण उरलं नव्हतं. एल्सपेथ मेली, तो मनात म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला. भिंतीला पाठ लावून तो ते ऐकत राहिला, आणि दुसऱ्या बाजूनं त्याची मुलगी रडत राहिली.

"मी येतो," शेवटी तो म्हणाला.

"कशाला बाबा? बघायला काही राहिलं नाही."

"बघायला नाही. तुझ्या आईनं तुला काय काय सांगितलं, ते मला ऐकायचंय."